रवी ताक करायला गेली आहे

'काचेला हात लावू नये' हे वाक्य
तिन्ही भाषांत मीच रंगवलंय.
कुठली वर, कुठली खाली, यावर दोन बैठका झाल्या,
पाटी उतरली, पुन्हा चढली.
हात लावू नये, ते मात्र तसंच राहिलं.

मी शट्टुप्पा गुरव.
खानापुरातल्या लोकजीवन संग्रहालयात
एकोणीस वर्षं किल्ल्या सांभाळतो.
बेचाळीस आहेत. त्यातल्या चाळीस
माझ्या हातानं कधी फिरल्या नव्हत्या.

मग इरण्णा बडिगेर आला,
गोकाकच्या सुताराचा पोरगा, बाहेर कला शिकून आलेला.
कलाकार म्हटल्यावर मला वाटलं, भिंती रंगवेल,
नाहीतर तारा-बिरा ओढून दिवे सोडेल.
तीन आठवडे त्यानं काहीच केलं नाही.
पेट्यांपुढं बसायचा,
माझ्या डब्यातली अर्धी भाकरी खायचा.
एकदा म्हणाला, "शट्टुप्पाण्णा,
हे सगळं झोपलंय, का मेलंय?"
मी म्हटलं, रजिस्टरात
दोन्हीला रकाना नाही.

एकशे त्र्याहत्तर नंबरला रवी होती.
उंच दांड्याची, एका पाकळीला चीर.
चिठ्ठीवर: रवी. त्याखाली: कडगोल.
प्राप्तिस्थान: जांबोटीचं रान.
दात्याचं नाव: रेघ.

त्या रेघेमागं तो मला मोटारसायकलवर घेऊन
धनगरवाडे हिंडला.
चौथ्या वाड्यावर सगूबाई झोरे अंगण सारवत होती.
शेणाच्या हातानंच तिनं फोटो धरला.
"ही माझ्या सासूची. साहेब आलते जीपमधनं,
नवी बादली दिली नि नेली."
बादली आहे का अजून?
"गळून गेली की, कवाच."
रवी म्हणता का कडगोल, इरण्णानं विचारलं.
ती हसली.
"नाव कशाला? हाक मारायची हाय व्हय तिला?"

अर्जात त्यानं लिहिलं: कलाकृती. अवधी आठ दिवस.
कलाकृती म्हटल्यावर साहेबांची सही झाली.
जिची वस्तू तिला द्या, असं लिहिलं असतं
तर फाईल अजून बेळगावात असती.

किल्ली फिरेना. खोबरेल घातलं.
पेटी उघडली तर डांबरगोळीचा वास,
एकोणीस वर्षांचा, माझ्याच वयात मुरलेला.
इरण्णा म्हणाला, चीर बुजवून देऊ?
"नको," सगूबाई म्हणाली, "ती असू दे. तिच्यावरनं तर वळखली."
लुगड्याच्या पदरात गुंडाळून
ती एसटीत चढली.

रिकाम्या पेटीत आम्ही चिठ्ठी ठेवली,
'रवी ताक करायला गेली आहे. सोमवारी येईल.'
खाली तेच कन्नडात.
वर कुठली, खाली कुठली, या खेपेला
कुणी विचारलं नाही.
भरल्या पेटीपुढनं पोरं धावत जायची,
रिकामीपुढं थांबायला लागली.
एका म्हाताऱ्यानं काचेला कान लावला.
मी हटकलं नाही.

सोमवारी आली नाही.
मंगळवारी सगूबाई आली, रवी आणि
माझ्यासाठी स्टीलच्या डब्यात ताक.
लाकूड काळपट झालं होतं, जरा जड.
जिथं दोरी फिरते, नेमका तिथंच नंबर घातला होता कुणीतरी.
तो घासून गेला होता.

बुधवारी पेटीत मुंग्या.
साहेब म्हणाले, पावडर मारा, नंबर घाला.
पांढरा रंग काढला, ब्रश भिजवला,
मग दांड्यावर जागा शोधत बसलो.
जिथं कुणाचा हात येत नाही, दोरी येत नाही,
अशी जागा त्या दांड्याला नव्हतीच.

पावडर मारली नाही अजून.
मुंग्यांना पाटी वाचता येत नाही, तिन्हीतली एकही.
रकाना नव्हता म्हणून शेऱ्यात लिहिलं:
एकशे त्र्याहत्तर. परत आली.
ओली.